बॉनेटवर कोणाचं नाव?

रविवारी सकाळी पावणेसातला मी गाडी रंगवत बसलो होतो. हातात ब्रश नाही, माउस. बायको चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. आधी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अतिशय शांत आवाजात म्हणाली, "खाली पार्किंगमध्ये आपली खरी गाडी उभी आहे. तिच्यावर इतकी धूळ साचलीये, की वॉचमनच्या मुलाने बॉनेटवर बोटाने स्वतःचं नाव लिहिलंय. आधी ती धुतोस का?"

"ही धुवावी लागत नाही ना, तीच तर गंमत आहे!" मी म्हटलं.

चहाचा कप टेबलावर जरा जोरातच ठेवला गेला.

तर मंडळी, कबूल करून टाकतो. मी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि शनिवार-रविवार अस्तित्वातच नसलेल्या गाड्यांना रंग देतो. त्यासुद्धा साध्यासुध्या गाड्या नव्हेत. अमेरिकेतल्या नॅसकारच्या स्टॉक कार. त्याच त्या, चाळीसेक गाड्या एका लंबगोल ट्रॅकवर तीन-चार तास नुसत्या डावीकडे वळत राहतात त्या. "यात बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारलाय, की मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. आज देतो. बघण्यासारखा असतो तो रंग.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं माझ्या रूममेटने. कोथरूडमध्ये आम्ही चौघं एका टू बीएचकेत राहायचो, फ्लॅट नंबर सतरा. फ्रीज नव्हता, गॅसचा पत्ता नसायचा, पण रूममेटचा असेंबल केलेला पीसी मात्र होता आणि त्यावर होता 'नॅसकार रेसिंग २००३ सीझन'. पॅपिरस नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने काढलेला त्यांचा शेवटचा नॅसकार गेम. नॅसकारचं लायसन्स त्यानंतर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेलं आणि पॅपिरसला टाळं लागलं. पण त्या गेममध्ये एक सॉल्लिड गोष्ट होती. कुठलीही गाडी बाहेर काढा, पेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, हवी तशी रंगवा आणि परत आत घाला. ट्रॅकवर ४३ गाड्यांचं फील्ड असायचं. आम्ही त्यातल्या बऱ्याच गाड्या रंगवल्या. एकीवर आमच्या मेसचं नाव, एकीवर घरमालकाचं. घरमालकाची गाडी भिंतीवर आदळली, की फ्लॅट नंबर सतरामध्ये जो जल्लोष व्हायचा, तसा भारत जिंकल्यावरही होत नसे.

पुढे पॅपिरसचाच संस्थापक डेव्ह केमर याने जॉन हेन्रीबरोबर २००४ साली नवी कंपनी काढली आणि २००८ मध्ये आला 'आयरेसिंग'. हा गेम म्हणायचा की सिम्युलेटर, यावर आमच्यात अजून वाद होतात. महिन्याची वर्गणी भरायची, टेबलाला स्टिअरिंग व्हील अडकवायचं आणि जगभरच्या पब्लिकबरोबर धावायचं. तोवर रूममेट ऑनसाइट गेला होता. नशीब बघा, पोस्टिंग कुठे तर शार्लटला! नॉर्थ कॅरोलायनातलं हे शहर बँकांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे आपले आयटीवाले तिथे ढिगाने. पण बहुतेक नॅसकार टीम्सची वर्कशॉप्सही त्याच शहराच्या आजूबाजूला आहेत. म्हणजे क्रिकेटवेड्याला कंपनीने शिवाजी पार्कसमोर घर द्यावं, तसलं काहीतरी.

मग सुरू झाली आमची लीग. जुने रूममेट्स, त्यांचे सहकारी, सहकाऱ्यांचे मेव्हणे असे मिळून चौदा जण. तिकडे शनिवारी रात्रीचे साडेनऊ वाजतात, तेव्हा इकडे रविवार सकाळचे सात. तिकडचे बिअर घेऊन बसतात, इकडचे चहा-खारी घेऊन. आणि चौदाच्या चौदा गाड्या रंगवण्याचं कंत्राट माझ्याकडे. मोबदला शून्य. तक्रारी भरपूर.

आता जरा फंडा समजावून सांगतो. गाडी रंगवतात कशी?

कंपनी एक टेम्प्लेट देते. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा चौकोन. त्यात गाडी सोलून, सपाट करून पसरलेली असते. इथे डावी बाजू, तिथे उजवी, मध्ये छत, एका कोपऱ्यात बॉनेट, दुसरीकडे नाक आणि मागचा बंपर. पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मला शिंप्याच्या टेबलावर कापून ठेवलेलं शर्टाचं कापड आठवलं. बाही कुठली, कॉलर कुठली, काही कळेना. आणि अडचणसुद्धा शिंप्याचीच. चौकड्याचा शर्ट शिवताना खिशाच्या रेघा छातीवरच्या रेघांशी जुळायला हव्यात ना, अगदी तसंच. बॉनेटवरून निघालेला पट्टा फेंडरवर आणि तिथून दारावर गेला पाहिजे. सपाट चित्रात हे तीन तुकडे एकमेकांपासून कोसभर लांब असतात. इथे दोन पिक्सेल चुकले, की ट्रॅकवर पट्टा मोडलेल्या हाडासारखा दिसतो.

या टेम्प्लेटमध्ये थरावर थर असतात. सगळ्यात खाली तुमचा रंग. त्यावर पट्टे, मग लोगो, मग टायर-तेलवाल्यांचे ठरावीक स्टिकर. सगळ्यात वर गाडीच्या सांगाड्याची तारांची जाळी. कुठला भाग कुठे संपतो, हे कळावं म्हणून ती दिलेली असते आणि फाइल सेव्ह करण्यापूर्वी ती बंद करायची असते. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी ती बंद करायला विसरलो. सगळी रेस माझी गाडी कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या सुरमईसारखी धावली. तिकडून सल्ला आला, "मासा ताजा दिसतोय, पण वेग वाढव."

मग ती फाइल टारगा फॉरमॅटमध्ये सेव्ह करायची. नावात 'कार', त्यापुढे अंडरस्कोर आणि मग तुमचा मेंबर नंबर. सिममध्ये जायचं, कंट्रोल-आर दाबायचं आणि गाडी डोळ्यांदेखत नवे कपडे घालून उभी! तो क्षण, बॉस, काय सांगू! दुकानातला ट्रायल रूमचा पडदा सरकतो ना, तसं वाटतं. आणि ट्रायल रूमसारखंच दहातल्या नऊ वेळा वाटतं, की नको, हे नको.

दुसरा फंडा, कोण कुठून बघणार? नॅसकारमध्ये गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. म्हणजे बाहेरच्या स्टँडमध्ये बसलेल्या पब्लिकला दिसते ती गाडीची उजवी बाजू. पण बाहेरची भिंतही त्याच बाजूला! त्यामुळे जी बाजू सगळ्यात जास्त लोक बघतात, तीच आधी खरचटते. साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर तर भिंतीला घासून उजव्या कुशीवर उठणाऱ्या काळ्या पट्ट्याला 'डार्लिंग्टन स्ट्राइप' असं मानाचं नाव आहे. मी तासन्‌तास खपून काढलेली नक्षी पहिल्याच लॅपमध्ये भिंतीला पुसून येते. वाळूवर रांगोळी काढण्यासारखं आहे हे.

मागचा भाग बघतो तो फक्त पाठचा ड्रायव्हर आणि त्याच्या गाडीतला कॅमेरा. तिथे जे लिहाल, ते त्याला वाचावंच लागतं. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. चांदणी चौकात पाऊण तास एकाच रिक्षाच्या मागे अडकून 'आईचा आशीर्वाद' पाठ झालेली माणसं आपण. आमच्या टीम लीडने त्याच्या गाडीच्या मागे लिहून घेतलं, 'स्टेटस अपडेट?' त्याच्यामागे धावणाऱ्याचा रक्तदाब आपोआप वाढतो.

आणि सगळ्यात मोक्याची जागा म्हणजे बॉनेट. ते स्पॉन्सरचं. नॅसकारची सगळी अर्थव्यवस्था त्या चार-साडेचार फुटांवर उभी आहे म्हणा ना. ज्याचा पैसा, त्याचं नाव, त्याचा रंग. पैसेवाला बदलला, की गाडीचा रंग बदलतो. २०२२ मध्ये नवी गाडी आली, तेव्हा दारावर मधोमध असणारा नंबर पुढच्या चाकाकडे सरकवला, का तर मागे स्पॉन्सरच्या नावाला ऐसपैस जागा मिळावी. जुने फॅन्स जाम भडकले. नंबर म्हणजे ड्रायव्हरची ओळख, ती कोपऱ्यात ढकलता म्हणजे काय? पण भाडं देणाऱ्याला हॉल मिळतो आणि घरच्यांना गॅलरी, हे आपल्याला काही नवीन नाही.

या नियमाला वाकवणारे मात्र काही निघाले. रिचर्ड पेटी हे त्यातलं दैवत. २०० रेस जिंकलेला, सात वेळा चॅम्पियन झालेला माणूस. गाडी नंबर ४३ आणि तिचा तो फिका आकाशी निळा, 'पेटी ब्लू'. गाडी रंगवताना निळा रंगही पुरेना आणि पांढराही पुरेना, म्हणून दोन्ही डबे एकत्र ओतले आणि हा रंग जन्माला आला, असं सांगतात. १९७२ मध्ये एसटीपी ही मोठी स्पॉन्सर कंपनी आली. त्यांचा रंग लाल. म्हणाले, सगळी गाडी लाल करा. पेटी म्हणाला, निळा सोडणार नाही. खूप ताणाताणी झाली आणि शेवटी निघाली अर्धी लाल, अर्धी निळी गाडी. आज ती तडजोडच नॅसकारमधल्या सर्वात गाजलेल्या गाड्यांपैकी एक मानली जाते. क्लायंट आणि डिझायनर यांच्या भांडणातून इतकं देखणं काही निघाल्याचं माझ्या ऑफिसात तरी कधी ऐकलेलं नाही.

डेल अर्नहार्टची ३ नंबरची गाडी १९८८ पासून काळी झाली. तोवर ती निळी-पिवळी होती. काळी झाली आणि आरशात ती दिसली, की पुढच्याचे हात कापायचे. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या लॅपमध्ये अपघात होऊन तो गेला. त्यानंतर थेट २०१४ पर्यंत त्या सर्वोच्च मालिकेत ३ नंबरची गाडी उतरली नाही.

आणि माझा खरा हिरो तर ड्रायव्हरच नाही. सॅम बास नावाचा चित्रकार. जेफ गॉर्डनची ती सप्तरंगी पट्ट्यांची २४ नंबरची गाडी त्याच्या हातची. स्पॉन्सर होती ड्यूपाँट, म्हणजे गाड्यांचे रंगच बनवणारी कंपनी. मग इंद्रधनुष्य काढायला कोणाची हरकत? ही गाडी पहिल्यांदा धावली नोव्हेंबर १९९२ मध्ये, अटलांटाला. आणि योगायोग बघा, त्याच दिवशी रिचर्ड पेटीची शेवटची रेस होती. एक रंग निवृत्त झाला, दुसरा आला. बास २०१९ मध्ये गेला. पण आमच्या लीगमध्ये निम्म्या लोकांची पहिली मागणी अजूनही तीच असते, "ते रेनबोसारखं काहीतरी कर ना!"

आमच्या लीगमध्ये स्पॉन्सर कोण? तर पहिल्याच सीझनला कोणीतरी टूम काढली, ज्याने त्याने आपापल्या कंपनीचा लोगो बॉनेटवर लावायचा. म्हणजे आपल्याला पगार देते ती आपली स्पॉन्सर. लॉजिक करेक्ट! सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर थोडी शायनिंग मारायचीही होती. कोण कुठे लागलाय, हे गाडीवरून कळायचं. कोणी नोकरी बदलली, की मला मेसेज, "नवीन लोगो पाठवतोय, रविवारच्या आत कर." प्रमोशन झालं, की लोगो थोडा मोठा. ॲप्रेझल वाईट गेलं, की लोगो थोडा लहान. एकाने तर नोटीस पीरियडमध्ये तो उलटा लावून घेतला होता.

रूममेटची गाडी माझी सगळ्यात लाडकी. नंबर १७, आमचा फ्लॅट. गडद निळी, आणि दोन्ही फेंडरवरून पांढरे पट्टे लाटेसारखे उठून बॉनेटवर येतात आणि तिथे त्याच्या कंपनीच्या नावाभोवती ओंजळीसारखे थांबतात. तीन वीकेंड लागले होते. त्याने प्रिंट काढून क्युबिकलमध्ये लावली होती.

मग एका गुरुवारी, इकडे रात्रीचे अकरा वाजले असतील, त्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलला. पाऊस पडतोय का, बाकरवडी कुणाबरोबर पाठवता येईल का. आणि मग म्हणाला, "एक काम होतं. बॉनेटवरचं नाव काढ."

"का रे, बदलली?"

"नाही. त्यांनी मला बदललं."

अकरा वर्षं एका कंपनीत. सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग, दुपारी ॲक्सेस बंद. व्हिसा कंपनीवर, त्यामुळे हातात साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी किंवा दुसरा काही मार्ग, नाहीतर बोऱ्याबिस्तर गुंडाळायचा. मुलगी तिकडे दुसरीत. हे सगळं तो मला सांगत होता आणि मी मूर्खासारखा विचारत होतो, "रविवारी रेसला येणारेस ना?"

"येणार ना. म्हणून तर सांगतोय. ते नाव घेऊन नाही येणार."

मी लगेच लॅपटॉप उघडला. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. लेअरसमोर एक डोळ्याचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं, की तो थर दिसेनासा होतो. केलं क्लिक. नाव गेलं.

आणि खाली जे दिसलं, ते बघवेना. भिंतीवरून वर्षानुवर्षांचा फोटो उतरवला, की मागे रंगाचा चौकोन उरतो ना, तसं. मी सगळी गाडीच त्या नावासाठी रचली होती. लाटा त्याच्याकडे धावत होत्या, ओंजळ त्याच्यासाठी धरलेली होती आणि ओंजळीत काहीच नव्हतं. नुसतं नाव काढून भागणार नव्हतं. त्या गाडीकडे बघताच प्रत्येकाला कळलं असतं, की इथे काहीतरी होतं आणि ते गेलं.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, वातावरण हलकं करावं. मी त्या रिकाम्या जागेत छान पाटीच्या अक्षरात लिहिलं, 'जागा भाड्याने देणे आहे'. खाली त्याचा मोबाइल नंबर. आणि दिलं पाठवून. सोबत हसणाऱ्या तीन स्मायली.

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी नाही.

बायकोला दाखवलं. एरवी या गाड्यांकडे ढुंकूनही न बघणारी ती. मिनिटभर बघत राहिली आणि म्हणाली, "त्याने तुला जागा भरायला सांगितली होती का? नाव काढायला सांगितलं होतं."

बोलती बंद.

खऱ्या नॅसकारमध्येही हे होतं. आणि एकदा तर खरं आणि खोटं यांची अशी काही सरमिसळ झाली होती, की बस. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळ्या रेस बंद पडल्या, तेव्हा नॅसकारने आपले खरे ड्रायव्हर आयरेसिंगवर बसवले आणि रेस टीव्हीवर दाखवली. २२ मार्चची पहिली रेस डेनी हॅमलिनने जिंकली. लाखो लोकांनी बघितली. पुढे ५ एप्रिलला ब्रिस्टलच्या आभासी ट्रॅकवर बबा वॉलेसची गाडी ठोकली गेली. तो वैतागला आणि गेम बंद करून निघून गेला. आपणही केलंय ना असं शंभरदा? पण त्याच्या त्या खोट्या गाडीच्या अंगावर ब्लू-इमू या मलम कंपनीचा लोगो होता आणि त्या कंपनीने त्याची स्पॉन्सरशिप काढून घेतली. गाडी खोटी, अपघात खोटा, स्पॉन्सर मात्र खरा गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोनच महिन्यांनी, १० जून २०२० ला, तोच बबा वॉलेस मार्टिन्सव्हिलच्या खऱ्या ट्रॅकवर उतरला. गाडी पेटींच्या टीमची, नंबर तोच ४३. त्या रेससाठी गाडीला स्पॉन्सर नव्हता. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येने तेव्हा अमेरिका पेटली होती. टीमने गाडी काळी केली, बाजूला 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' लिहिलं आणि बॉनेटवर एकमेकांत गुंफलेले एक काळा आणि एक गोरा असे दोन हात काढले. त्याच बॉनेटवर एरवी कुठल्यातरी मालाची जाहिरात असती.

शनिवारी रात्री हे सगळं आठवत बसलो होतो. रूममेटच्या गाडीवर मला कुठला संदेश वगैरे लिहायचा नव्हता. तो काही आंदोलन करत नव्हता, नोकरी शोधत होता. पण एक गोष्ट डोक्यात बसली. भाडेकरू गेला म्हणून घराला भगदाड पडत नाही. भगदाड पडलं होतं, कारण मी घरच भाडेकरूच्या मापाने बांधलं होतं.

मग जुने फोटो काढले. पेटीची साठच्या दशकातली गाडी. एकच रंग, दारावर पांढरा ४३ आणि बारीकसारीक स्टिकर. बास. ती गाडी कोणाची आहे, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

रात्री साडेबाराला कोरी फाइल उघडली. लाटा काढल्या, ओंजळ काढली. तीन वीकेंडचं काम डिलीट करताना हात थरथरला, पण केलं. निळा रंग तेवढा ठेवला. आणि नंबर नव्याने काढायला घेतला. गेमचे तयार आकडे घेतले नाहीत. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या दारावर घरमालकाने स्वतः ब्रशने रंगवलेला १७ होता. मराठी आकडे, एकाचं पोट जरा मोठं, सातची शेपटी वर पळालेली. एका जुन्या फोटोत आम्ही चौघं त्या दारासमोर उभे आहोत. त्यावरून तो आकडा तसाच्या तसा उचलला. दोन्ही दारांवर आणि छतावर. बॉनेटवर काहीही नाही. पण आता ते रिकामं दिसत नव्हतं. नुसतं निळं दिसत होतं.

पहाटे पाचला फाइल पाठवली. खाली एकच ओळ, "सॉरी. भाड्याची पाटी काढली."

सातला रेस. रांगेत १७ नंबरची गाडी उभी होती. हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "सातची शेपटी ओळखली रे मी." बाकी बारा जणांना काही कळलं नाही. त्यांनी फक्त "कसली क्लास गाडी आहे, मलापण अशी पाहिजे" असा गलका केला. रूममेट नववा आला. उजवी बाजू भिंतीला घासून पार खरडून गेली. मी अकरावा, मला नेहमीप्रमाणे कोणीतरी मागून ढकललं.

पुढचे सात-आठ रविवार तो न चुकता आला. आठवडाभर इंटरव्ह्यू, अर्ज, वकील, बायकोचं रडणं, मुलीच्या शाळेचे प्रश्न. आणि रविवारी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, दीड तास डावीकडे वळणं. एकदा म्हणाला, "आठवड्यात ही एकच जागा अशी आहे जिथे मला कोणी 'करंट एम्प्लॉयर' विचारत नाही."

एक्कावन्नाव्या दिवशी त्याला ऑफर आली. मला फोन केला, तेव्हा बराच वेळ नुसता श्वासच ऐकू येत होता. मग दोघंही खूप हसलो. शेवटी मी माझ्या व्यावसायिक आवाजात म्हटलं, "अभिनंदन! नवीन लोगो पाठव, रविवारच्या आत लावतो."

"नको रे," तो म्हणाला. "ते पगार देतील, मी काम करीन. हिशेब चोख. ही गाडी अशीच राहू दे."

तेव्हापासून लीगमधल्या पाच जणांनी लोगो काढून घेतलाय. कोणी जाहीर केलं नाही, चर्चा नाही. गुपचूप मेसेज येतो, "जरा साधी कर ना, त्याच्यासारखी." मी करतो. आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "नाव काढल्यावर काय उरायला पाहिजे?" माणसं विचारात पडतात. एकाला उत्तर द्यायला दोन आठवडे लागले.

आणि माझी स्वतःची गाडी? तिच्या बॉनेटवर माझ्या कंपनीचं नाव अजून आहे. होम लोनचे नऊ हप्ते कमी चौदा वर्षं बाकी आहेत, उगाच शूरपणा कशाला! पण परवा फाइल उघडली होती. लोगोच्या लेअरसमोरच्या त्या डोळ्यावर क्लिक केलं, खाली काय आहे ते नीट बघून घेतलं आणि डोळा परत उघडला.

मग बादली घेऊन खाली गेलो आणि खरी गाडी धुतली. बॉनेट सोडून. वॉचमनच्या मुलाने फार मन लावून नाव लिहिलं होतं.